आला का आवाज?

साळवे मिस्त्रींच्या शर्टाच्या खिशात टेस्टर असायचा, पेन्सिलीचा तुकडा असायचा आणि लाल नेलपॉलिशची बाटली असायची. पन्नाशी कधीच ओलांडलेला, मिशा पिकलेला, हाडापेराने दणकट माणूस. तो खिशातून नेलपॉलिश काढतो हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मी स्टोअरच्या खिडकीत हसू दाबून बसलो होतो. त्यांनी पॅनेलमधला एक स्क्रू आवळला, बाटलीचं झाकण फिरवलं आणि त्या इवल्याशा ब्रशाने स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या पट्टीपर्यंत एक रेघ ओढली. तिच्यावर फुंकर मारली. मग पुढचा स्क्रू घेतला.

"काय मिस्त्री, नवरी नटवायलात का?" मी विचारलं.

त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं, राग आला. मग लक्षात आलं की मी त्यांच्या डाव्या बाजूला होतो आणि डाव्या कानाने त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. उजव्या बाजूला जाऊन पुन्हा तेच विचारलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मशिनीच्या हादऱ्यानं स्क्रू हळूहळू ढिला होतो, जाधवसायेब. स्क्रू फिरला की रेघ मोडती. मोडलेली रेघ लांबून दिसती. तुमच्या घरी अशी बाटली तळाला गेली तर टाकू नका, मला आणून द्या."

पुढे चार वर्षं मी बायकोच्या उरल्यासुरल्या बाटल्या त्यांना नेऊन देत होतो. जांभळी चालायची नाही त्यांना. लालच लागायची.

आमची जिनिंग तलवाड्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून आहे. कापूस येतो, मशिनीवर सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधून बाहेर जातात. मी तिथला स्टोअरकीपर. बेअरिंगपासून झाडूपर्यंत सगळं माझ्या ताब्यात. मिस्त्री चकलांब्याहून मोटरसायकलवर यायचे. तरुणपणापासून जिनिंगांमध्येच काम केलेलं, त्या खडखडाटातच कान गेलेला. आणि अशा माणसाला शेटनी काम काय दिलं, तर आगीचा इशारा देणारा हूटर बसवायचं! मी तेव्हा सगळ्यांना सांगत सुटलो होतो की, आंधळ्याला दिवा लावायला सांगितलाय.

कापसाच्या धंद्यात आग ही बाहेरून यावी लागत नाही. कापसातून एखादा खडा आत गेला, मशिनीच्या लोखंडावर घासला, ठिणगी पडली की झालं. रुई आतल्या आत धुमसते आणि कळतं तेव्हा ढीगच्या ढीग पेटलेला असतो. आमच्या हॉलमध्ये मुकादम कौसाबाई धरून चोवीस बाया कापूस निवडायला नि मशिनीत घालायला असायच्या. मशिनी चालू असताना शेजारचीने हाक मारली तरी ऐकू जात नाही. तेव्हा त्या चोवीस जणींना वेळेत बाहेर काढायचं तर हूटर हवाच होता.

मिस्त्रींची काम करायची एक पद्धत होती आणि ती बघून बघून मला पाठ झाली होती. आधी स्विच पाडायचा. फ्यूज काढून स्वतःच्या विजारीच्या खिशात टाकायचा. पॅनेलला कुलूप, किल्लीही खिशात. मग टेस्टचा दिवा आधी दुसऱ्या चालू जागी लावून बघायचा, पेटला म्हणजे दिवा चांगला आहे. मग ज्या वायरीला हात घालायचा तिला लावायचा, पेटला नाही पाहिजे. आणि मग परत चालू जागी. मी एकदा म्हटलं, "अहो, आत्ता तर बघितलंत!"

"मदल्या वेळात दिव्यानंच जीव सोडला असला तर? मेलेल्याला तीनदा इचारावं, खराच मेलास का म्हणून. मग हात लावावा."

हूटरमध्ये वायर घालायची ती खालूनच, आणि घालण्याआधी तिला एक झोळ द्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून घरंगळत आलं तरी झोळाच्या तळाशी गळून पडतं, आत शिरत नाही. आधीच्या वायरमनने बाहेरच्या दिव्याची वायर वरून आत घातली होती. ती बघून मिस्त्रींनी जो चेहरा केला, तो मी विसरणार नाही. कुणी वरणात साखर घातल्यासारखा.

शेटबरोबर त्यांचं एकदाच वाजलं. शेटचं म्हणणं, हूटरला वेगळी लाईन नि बॅटरी कशाला, हॉलच्या दिव्यांच्या लायनीवर जोडून टाका. मिस्त्री वाद घालत बसले नाहीत. "जोडतो" म्हणाले आणि खरोखरच तसं जोडलं. मग दुपारच्या सुट्टीत शेटना केबिनबाहेर खुर्ची टाकून बसवलं आणि हूटर वाजवून दाखवला. शेट खूश झाले. तेवढ्यात मिस्त्रींनी मेन स्विच खाली ओढला. दिवे गेले, पंखा गेला आणि हूटरही गप्प झाला.

"आग लागली की पयल्यांदा कुणी ना कुणी मेन पाडतंच, शेट. पाडायलाच पायजे. आता बाया सरकीच्या गोडाऊनमागं जेवाय बसल्यात. बोलवा त्यास्नी."

"मी बोलवू?"

"मग कोण? हूटर तर मेला."

शेट उठून उभे राहिले आणि ओरडले, "कौसाबाई! अगं ए कौसाबाई!" तीनदा ओरडले. तिसऱ्यांदा आवाज फाटला. कौसाबाई काही आली नाही, फाटकावरचं कुत्रं तेवढं शेपूट हलवत आलं. मी स्टोअरमध्ये पळालो, कारण नोकरी टिकवायची तर शेटसमोर हसून चालणार नव्हतं. वेगळी लाईन आणि बॅटरीचा डबा दुसऱ्याच आठवड्यात आला.

गाठी दाबायच्या प्रेसच्या खोलीत मात्र हूटरचाही उपयोग नव्हता, तिथला आवाज हूटरलाही गिळायचा. तिथे मिस्त्रींनी फिरता लाल दिवा मागून घेतला. "बहिऱ्यालाच बहिऱ्याची काळजी," असं ते स्वतःच म्हणाले आणि स्वतःच हसले.

हूटरच्या पोटात बारकी बारकी बटणं होती. ती खालीवर केली की आवाज बदलायचा. कुठला आवाज ठेवायचा हे ठरवायला दुसऱ्या कुणी कागद वाचला असता. मिस्त्रींनी मशिनी बंद करायला लावून बायांना गोळा केलं आणि एकेक आवाज वाजवून दाखवायला सुरुवात केली. पहिला सरळ, लांबलचक.

"ह्यो तर सुट्टीचा भोंगा," कौसाबाई म्हणाली. "ह्यो वाजला की आमी डबे काढणार."

दुसरा खालीवर होणारा. "ही ॲम्बुलन्स. आमी दारात उभं राहून बघू की कुणाला न्यायलेत." सगळ्या हसल्या. तिसरा तुटक तुटक वाजला तेव्हा एक जण म्हणाली, रस्त्यावर ट्रक मागं यायलाय वाटतं. असं करत करत सातवा का आठवा आवाज आला, बारीक सुरू होऊन वर वर चढणारा आणि परत खालून उठणारा. बायांचं हसू थांबलं. कौसाबाईच्या हातातला निवडलेल्या खराब कापसाचा पुंजका खाली पडला.

"ह्यो नगं, मिस्त्री. ह्यानं पोटात गोळा येतो."

"ह्योच," मिस्त्री म्हणाले आणि त्या बटणांवरसुद्धा नेलपॉलिशचे ठिपके दिले.

दर सोमवारी अकरा वाजता परीक्षा. आगीच्या वेळी फोडायची लाल पेटीची काच न फोडता किल्लीने हूटर वाजवून बघता येतो, ती किल्ली मिस्त्रींनी स्वतःकडे ठेवली नाही, कौसाबाईकडे दिली. "वाजवायचा तर तुमालाच हाय, मग तुमच्या हाताला सवय पायजे." कौसाबाईने ती पदराच्या गाठीला बांधली. ती किल्ली फिरवायची, आणि मिस्त्री फाटकात जाऊन उभे राहायचे. स्वतःच्या कानावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. रस्त्यापलीकडे गफूरभाईंचं चहाचं हॉटेल. तिथपर्यंत आवाज गेला तर तो जिनिंगच्या कानाकोपऱ्यात जाणारच, हा त्यांचा हिशेब. आवाज आला की गफूरभाईंनी टेबल पुसायचं लाल फडकं वर धरायचं. फडकं वर गेलं की मिस्त्री मान हलवायचे आणि आत यायचे. येताना भेटेल त्याला विचारायचे, "आला का आवाज?" मला, गड्यांना, कापूस घेऊन आलेल्या माणसाला. "आला" असं दहा जणांकडून ऐकलं तरी अकराव्याला विचारायचेच.

आता माझी गोष्ट सांगणं भाग आहे.

तो पोटात गोळा आणणारा हूटर नेमका माझ्या स्टोअरच्या दारावर बसवला होता. मला अर्धशिशीचा त्रास. सोमवारी साडेदहापासूनच माझं कपाळ ठणकायला लागायचं, अकराला हूटर कोकलायचा आणि दिवसभर मी कामातून जायचो. कुणाला सांगावं तर हसतील. म्हणून मी एका शनिवारी, सगळे पांगल्यावर, स्टुलावर चढलो आणि हूटरच्या तोंडात रुईचा चांगला मूठभर बोळा कोंबला. जिनिंगमध्ये रुईला काय तोटा! खालून दिसणार नाही असा आतवर सारला. माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं.

सोमवारी कौसाबाईने किल्ली फिरवली. हूटर वाजला, पण गोधडीत तोंड खुपसल्यासारखा. मिस्त्री फाटकात होते. परत येताना त्यांनी मला विचारलं, "आला का आवाज?"

"आला की," मी म्हणालो. डोळ्यांत डोळे घालून म्हणालो. त्या दिवशी माझं डोकं दुखलं नाही आणि मी दुपारी घरी जाऊन मजेत जेवून आलो. मंगळवारपासून मिस्त्री रजेवर गेले, बीडला लेकीकडे राहून कानाच्या डॉक्टरला दाखवायला.

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला मी बेअरिंग मोजत होतो. हॉलकडून आरडाओरडा आला. बाहेर येऊन बघतो तर रुईच्या ढिगामागून धूर. कुणीतरी मेन पाडला आणि हॉलमध्ये अंधार झाला. हॉलच्या त्या टोकाच्या बायांना काय झालंय हेच कळलेलं नव्हतं. लाईट गेली समजून त्या जागच्या जागी बसून राहिल्या होत्या. आणि तेव्हा, त्या क्षणी, मला माझा बोळा आठवला.

चोवीस बाया. त्यातल्या निम्म्यांची मुलं मला नावाने माहीत. मी स्टूल ओढलं, कसाबसा चढलो, हूटरकडे हात नेला आणि त्याच वेळी कौसाबाईने तिकडे जेवणाच्या डब्याने लाल पेटीची काच फोडली.

हूटर माझ्या तोंडावर असा काही ओरडला की मी स्टुलावरून खाली पडलो. पोटात गोळा आणणारा तोच आवाज, पूर्णच्या पूर्ण, मोकळ्या गळ्याचा. मेन पडलेला असूनही बॅटरीवर तो वाजतच राहिला. प्रेसमधला लाल दिवा फिरायला लागला आणि तिथले गडी बाहेर पळाले. हॉलमधून बाया भराभर बाहेर आल्या. ठरल्याप्रमाणे लिंबाखाली जमल्या आणि कौसाबाईने बोटाने मोजल्या. तेवीस झाल्या. परत मोजल्या, परत तेवीस. तिसऱ्यांदा मोजताना कौसाबाईच्या लक्षात आलं की ती स्वतःला धरायचंच विसरतेय.

मी धुळीत बसून रडत होतो. लोकांना वाटलं पडल्यामुळे लागलंय. लागलं होतंही, पण मला इतकं हलकं वाटत होतं की खरचटलेलं कोपर संध्याकाळी बायकोने दाखवलं तेव्हा कळलं. गड्यांनी वाळू नि पाणी मारून आग आवरली. एक ढीग गेला. माणसाच्या केसाला धक्का लागला नाही.

बोळा कुठे गेला हे कोडं मात्र सुटेना. वाऱ्याने पडला असेल. नाहीतर एखाद्या चिमणीने घरट्यासाठी ओढून नेला असेल. मी रात्री झोपताना त्या चिमणीला हात जोडले.

शुक्रवारी मिस्त्री धावतपळत आले. कुणाशी न बोलता आधी सगळी पॅनेलं उघडून लाल रेघा बघितल्या. मग स्टोअरमध्ये आले, दार लोटलं, हत्यारांच्या पेटीतून कागदाची पुडी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. उघडून बघतो तर माझा बोळा.

"तुमच्या स्टोअरचा माल हाय. जमा करून घ्या."

मिस्त्री समोर बसले आणि सांगू लागले. सोमवारी गफूरभाईंनी फडकं वर केलं खरं, पण नेहमीसारखं झटकन नाही. म्हणून मिस्त्री रस्ता ओलांडून गेले. तेव्हा गफूरभाई म्हणाले, "मिस्त्री, तुमारे हूटर को सर्दी हुई क्या आज?" मी घरी जेवायला गेलो होतो तेवढ्यात मिस्त्रींनी शिडी लावली होती.

"तुम्ही शेटना सांगितलं नाही?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुमाला काढलं असतं. मग या हूटरखाली दुसरा आला असता. डोकं त्यालाबी असतंच की. पर कावून केलं वो, जाधवसायेब?"

मी अर्धशिशीचं सांगितलं. त्यांनी उजवा कान पुढे करून सगळं ऐकून घेतलं.

"मग मला सांगायचं व्हतं! माजीच चूक हाय. आवाज कुटवर जातो ते म्या बघितलं, खाली कोण बसतंय ते बघितलं न्हाई. जो आवाज माणसाला सारखा छळतो, त्याचं तोंड माणूस आज न उद्या दाबणारच."

त्याच दिवशी त्यांनी हूटर तिथून काढला. फ्यूज खिशात, कुलूप, दिवा तीनदा, सगळं साग्रसंगीत. शिडी मी धरली होती. हूटर पलीकडच्या खांबावर, माझ्या दारापासून लांब, हॉलकडे तोंड करून बसवला. खालून झोळ दिला. नेलपॉलिशची रेघ मात्र त्यांनी मला ओढायला लावली. माझा हात हलला आणि ती जरा वाकडी आली. अजून तशीच आहे. मी येताजाता बघतो, मोडलेली नाही.

मिस्त्रींनी हे कुणालाही सांगितलं नाही. मीही आजपर्यंत कौसाबाईला सांगितलेलं नाही. हे वाचून कुणी सांगितलंच तर सांगू दे. तिच्या चार शिव्या खायला मी तयार आहे.

डॉक्टरांनी त्यांना कानाचं यंत्र दिलं होतं. ते कानात कमी आणि नेलपॉलिशच्या खिशात जास्त असायचं. "ह्यालाबी बॅटरी हाय," ते म्हणायचे, "म्हंजी ह्याचीबी सोमवारी परीक्षा आली. त्यापरीस गफूरभाई बरा." उजवा कानही हळूहळू जात चालला होता. मग लेकीने धरून बसवलं की आता मोटरसायकल बास, बीडला येऊन राहा.

ते बीडला निघाले तो दिवस सोमवार होता. आदल्या आठवड्यात त्यांनी सगळं नव्या वायरमनला दाखवून दिलं होतं. लाल रेघा, झोळ, तीनदा विचारणं. मी त्यांना एसटीत बसवायला रस्त्यापलीकडे गेलो. गफूरभाईंनी चहा दिला. मिस्त्री पिशवी मांडीवर घेऊन गाडीच्या वाटेकडे बघत होते. गाडी आली, उभी राहिली, ते चढले आणि माझ्या बाजूची खिडकी धरून बसले.

तेवढ्यात अकरा वाजले. पलीकडे कौसाबाईने किल्ली फिरवली आणि हूटर चढू लागला. रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले, कंडक्टरने कानावर हात ठेवला. मिस्त्री मात्र शांत बसले होते. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. कंडक्टरचे हात बघून त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी चटकन मनगटावरचं घड्याळ बघितलं, खिडकीतून वाकून माझ्याकडे पाहिलं, एक बोट कानाला लावलं आणि भुवया वर केल्या.

गाडी हलली होती. ओरडून त्यांना ऐकू जाणार नव्हतं. मी गफूरभाईंच्या हातातलं लाल फडकं ओढून घेतलं आणि दोन्ही हातांनी जितकं उंच धरता येईल तितकं धरलं. मिस्त्रींनी मान हलवली आणि खिडकीतून आत सरकून निवांत टेकून बसले.